जुन्या जिनसांचा व्यापार

(वऱ्हाडांतील एका खेड्यांत, शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत एका शाळामास्तरांनीं दिलेलें व्याख्यान)



आजचा विषय ऐकून कोणी हंसेल. मास्तरानें शेतीवर बोलावें, शिक्षणावर बोलावें. फुटक्या भांड्यांवर काय बोलावें? परंतु माझें म्हणणें असें कीं, आपल्या माळ्यावर आणि गोठ्याच्या कोपऱ्यांत जी अडगळ पडलेली असते, तिच्यांतहि आपलें धन आहे. आणि तें धन आपल्याच दारांतून, आपल्याच हातानें, अर्ध्या किमतींत बाहेर जातें. कापसाचा भाव आपण चार ठिकाणीं विचारतों. तुरीचा दर पटला नाहीं तर पोतें घरीं परत आणतों. पण आजीच्या वेळच्या तांब्याच्या हंड्याचा भाव आपण कोणाला विचारतों? जो घ्यायला आला त्यालाच!

दिवाळीच्या आधीं घर सारवायला काढलें कीं दारांत हांक येते, "माय, हे चेपलेलं भांडं घरात ठिऊन काय करतं? दे मले, नवा टप घेऊन टाक." आणि माय देते. हंडा जातो, प्लास्टिकचा टप येतो. दोन उन्हाळ्यांत टप तडकतो. हंडा मात्र कोठें तरी चमकत असतो, नाहीं तर भट्टींत जाऊन त्याची तार झालेली असते.

आपल्या भाषेंत "मोडींत काढणें" असा शब्द आहे. भांडें जुनें झालें कीं त्याची घडणावळ कोणी धरीत नाहीं, नुसत्या धातूचें वजन धरतात, ती मोड. निरुपयोगी ठरविणें हा त्या शब्दाचा पुढचा अर्थ. पण मूळ व्यवहारांत मोड निरुपयोगी नसते. तिला बाजारभाव असतो, आणि तो रोज बदलतो. ही एकच गोष्ट आपल्या बायाबापड्यांना ठाऊक असती, तर आजचें व्याख्यान निम्में झालें असतें.

अमेरिकेंत एक रीत आहे. तेथील घरवाले नकोशा झालेल्या जिनसा सुटीच्या दिवशीं अंगणांत किंवा मोटार ठेवण्याच्या खोलीपुढें मांडतात, आणि प्रत्येक जिनसेवर किमतीची चिठ्ठी डकवितात. त्या खोलीला तिकडे गॅरेज म्हणतात, म्हणून त्या विक्रीलाहि गॅरेज सेल असें नांव पडलें. हुशार लोक सकाळींच तेथें जातात, चांगली वस्तु हेरतात, घांसूनपुसून दुसरीकडे विकतात व चार पैसे मिळवितात. आपल्याकडे तेंच काम भंगारवाला करतो, बोहारीण करते. फरक एवढाच, कीं तिकडे किमतीची चिठ्ठी घरवाला लावतो. इकडे घेणारा लावतो. हा फरक लहान नाहीं.

मग हा व्यापार वाईट म्हणावा काय? मी तसें म्हणत नाहीं. या धंद्यांतला नफा चार प्रकारचा असतो. ते चार प्रकार आधीं नीट समजून घ्या.

पहिला नफा पायांचा. एक माणूस उन्हातान्हांत दहा खेडीं फिरतो, एकेक नग गोळा करतो, आणि अमरावतीच्या इतवाऱ्यांत किंवा अकोल्याच्या बाजारांत नेऊन घालतो. दुसरा नफा हातांचा. मोडकी वस्तु तो दुरुस्त करतो, कल्हई लावतो, चाक बसवितो. तिसरा नफा डोळ्यांचा. शंभर जिनसांतून कामाची कोणती, हें तो ओळखतो. हे तिन्ही नफे कष्टाचे व विद्येचे आहेत, आणि ते घेणाऱ्याला कोणीं नांवें ठेवूं नयेत. चौथा नफा नडीचा. समोरच्याच्या घरांत दवाखान्याचा खर्च निघाला आहे, पेरणी तोंडावर आहे, किंवा प्रेत आत्तांच बाहेर गेलें आहे, हें पाहून जो भाव पाडतो त्याचा हा नफा. पहिले तीन आपण शिकावे, आणि चौथा आपल्या गांवांत कोणाला करूं देऊं नये, हेंच सांगण्यासाठीं मी उभा आहें.

जुन्या कपड्यांवर भांडीं देणारी बोहारीण पाहा. डोक्यावर भांड्यांची पाटी आणि पाठीला चिंध्यांचें गांठोडें घेऊन ती दिवसभर चालते. तिच्या मालाचा भाव पुढचा मोठा व्यापारी ठरवितो. तिच्याशीं घासाघीस जरूर करा, पण तिला चोर म्हणूं नका. तीहि आपल्यासारखीच कष्टाची भाकर खाते. मात्र लुगडें देण्याआधीं त्याचा कांठ पाहा. खरी जर म्हणजे धाग्यावर गुंडाळलेली चांदीची तार, आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. असें लुगडें विरलें तरी त्याची जर विरत नाहीं. तें सराफाला दाखविल्यावांचून एका पातेल्यावर देऊं नका.

आतां डोळ्यांची विद्या. ती आपल्या शाळेंतल्या पांचवीच्या मुलीलाहि येईल इतकी सोपी आहे.

घरांत एक लोहचुंबक ठेवा. तांबें, पितळ, कांसें व ॲल्युमिनियम यांना तो चिकटत नाहीं. पिवळ्या चकाकत्या भांड्याला चिकटला, तर आंत लोखंड आहे व वर मुलामा आहे. मग रंग पाहा. तळाशीं कानशीनें थोडेंसें घासलें कीं तांबें लाल दिसतें, पितळ पिवळें दिसतें. वजन पाहा. तांबें पाण्याच्या सुमारें नऊपट जड, पितळ साडेआठपट, लोखंड पावणेआठपट, आणि ॲल्युमिनियम अवघें पावणेतीनपट. शेवटीं नाद ऐका. कांशाचें ताट बोटावर तोलून वाजविलें तर घंटेसारखा लांब नाद देतें. पितळ म्हणजे तांबें व जस्त. कांसें म्हणजे तांबें व कथील. कथील हें जस्तापेक्षां पुष्कळ महाग. म्हणून आजोबांचें कांशाचें ताट पितळेच्या भावांत देऊन टाकणें हें अडाणीपणाचें आहे.

त्यानंतर काटा. दारावर येणाऱ्याच्या काट्यावर आपलें एक किलो मिठाचें न फोडलेलें पुडकें आधीं ठेवा. किलोच्या खालीं दाखविलें तर तो काटा तुमच्या अंगणांतून बाहेर काढा. पुडकें नसेल तर एक लिटर पाणी मोजून ठेवा. पाणी एक किलो भरतें, भांड्याचें वजन वेगळें. काट्यावर वैधमापन खात्याची मोहोर आहे कीं नाहीं, तीहि पाहा.

एक गणित सांगतों. भाव गणितापुरते धरा, आजचे समजूं नका. तांब्याच्या मोडीचा भाव किलोला ७०० रुपये आणि घरांतला हंडा ५ किलोचा. म्हणजे ३,५०० रुपये झाले. घेणाऱ्यानें त्याला हलकी धातु म्हणून ५०० चा भाव लावला. काट्यानें अर्धा किलो खाल्ला. "डाग आहे, माती आहे" म्हणून आणखी अर्धा किलो घट धरली. ४ किलोचे २,००० रुपये मायच्या हातावर पडले. तीन लबाड्या झाल्या, एकेक पाहतां लहान दिसली, आणि मिळून १,५०० रुपये गेले. एवढ्यांत पोराचीं वह्यापुस्तकें आलीं असतीं.

चांदीच्या रुपयांचेंहि असेंच होतें. पुष्कळ घरांत आजीच्या गांठोड्यांत राणीछाप रुपये असतात. ते सगळे सारखे समजूं नका. इंग्रजी अमलांतला १९३९ पर्यंतचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा; त्यांत बारा भागांस अकरा भाग चांदी, म्हणजे सुमारें १०.७ ग्रॅम. १९४० पासून १९४५ पर्यंतच्या रुपयांत निम्मीच चांदी. १९४६ व १९४७ चा रुपया निकेलचा. त्यांत चांदी मुळींच नाहीं, आणि तो लोहचुंबकाला चिकटतो. म्हणून सराफाकडे जाण्याआधीं सालें वाचा, तीन ढीग करा, आणि प्रत्येक ढिगाचा भाव वेगळा विचारा. साल वाचतां येणें एवढ्यापुरतेंहि शिक्षण कामाला येतें.

उलट बाजूनेंहि लोक फसतात. जुन्या नाण्याला किंवा नोटेला लाखों रुपये मिळतील असा निरोप फोनवर येतो, आणि आधीं थोडी फी भरा म्हणून सांगतात. २०२१ च्या ऑगस्ट महिन्यांत रिझर्व्ह बँकेनें स्वतः जाहीर केलें कीं, जुन्या नोटा व नाणीं यांच्या व्यवहारांत बँक पडत नाहीं, आणि त्यासाठीं कोणाकडून पैसेहि मागत नाहीं. तांदूळ ओढून घेणारें तांब्याचें भांडें हा तसलाच दुसरा भुलावा. ज्याला खरेंच विकत घ्यायचें आहे तो पैसे देतो, मागत नाहीं.

हें झालें विकणाऱ्यांसाठीं. आतां तरुण मंडळींना विचारतों, कीं हा धंदा परगांवच्या माणसानेंच कां करावा? हातांचा नफा ज्यांच्या हातांत आहे ते तर आपल्यांतच बसले आहेत. ट्रकच्या मोडक्या पाट्यांपासून आपला लोहार विळे व कुऱ्हाडी घडवितो. जुन्या धाब्याच्या घरांतून निघालेलें सागवान वर्षानुवर्षें मुरलेलें असतें. तें नव्या लांकडाइतकें आकसत नाहीं, वांकत नाहीं. घर पाडतांना तें सरपणाच्या भावानें परक्याच्या गाडींत भरून देतों, आणि त्याच लांकडाची खुर्ची शहरांतून विकत आणतों. आपल्या सुतारानेंच तें घेतलें तर दोन्ही घरांचें भलें होईल. शिवणयंत्र, सायकल, फवारणीचा पंप, डवरा, वखर, बंडीचीं चाकें, यांतलें आपल्याला काय कळत नाहीं? जें कळतें तेंच घ्यावें, आणि जें कळत नाहीं तें फुकट मिळालें तरी दहांदा विचार करावा.

मात्र वही पाहिजे. पुष्कळ तरुण म्हणतात, "दीड हजाराला यंत्र घेतलं, बत्तीसशेला विकलं, सतराशे सुटले." नाहीं सुटले बाबा! हिशेब असा. खरेदी १,५०० रुपये. सुटे भाग ४००. नेण्याआणण्याचें भाडें २००. दोन दिवस तूं त्यावर खपलास, त्याची मजुरी ८००. एकूण २,९०० रुपये. नफा ३०० रुपये. शिवाय जें यंत्र विकलेंच गेलें नाहीं, त्यांत अडकलेले पैसे वेगळे. आपल्या कष्टाची किंमत शून्य धरायची संवय शेतीनें आपल्याला लावली आहे. ती या धंद्यांत आणूं नका. वहींत तारीख, जिन्नस, कोणाकडून घेतली, किती दिले, दुरुस्तीला किती लागले, केवढ्याला विकली, हे सहा रकाने पाडा. वर्षाअखेर ती वहीच सांगेल, धंदा ठेवावा कीं सोडावा.

त्या वहीचा दुसरा उपयोग असा कीं ती तुम्हांला तुरुंगापासून वांचवील. विहिरीवरच्या मोटारी व केबल चोरीला जातात, हें दुःख येथें कोणाला ठाऊक नाहीं? चोर ती तार जाळतो, तांबें काढतो आणि स्वस्तांत विकतो. तें घेणारा जर कोणी नसेल तर चोर रात्रीं जागेल कशाला? चोरीचा माल जाणूनबुजून घेणें, किंवा तो चोरीचा आहे असें मानायला कारण असतां घेणें, हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाप्रमाणें त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. तोच ज्याचा नित्याचा धंदा झाला त्याला याहून पुष्कळ अधिक. म्हणून जळक्या तारेचें तांबें कितीहि स्वस्त मिळालें तरी घेऊं नये. तें आपल्याच शेजाऱ्याच्या विहिरीवरचें असतें.

जुनी मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर घेतांना नोंदणीचें पुस्तक मालकाच्या नांवाशीं ताडून पाहा. त्यावर बँकेच्या कर्जाचा बोजा असेल, तर बँकेचा नाहरकत कागद हातीं आल्यावांचून पैसे मोजूं नका. विकणाऱ्यानेंहि नांव बदलून दिल्यावांचून गाडी सोडूं नये. विकणाऱ्याला १४ दिवसांत परिवहन कचेरींत कळवावें लागतें. नाहीं तर गाडी दुसऱ्याकडे, आणि अपघाताची नोटीस आपल्या घरीं.

देवळांतल्या मूर्ति, शंभर वर्षांवरचीं नाणीं, कोरीव खांब, जुन्या पोथ्या यांचा धंदा करण्याआधीं १९७२ चा पुराणवस्तूंचा कायदा विचारून घ्या. शंभर वर्षांवरच्या अशा वस्तूंच्या व मोलाच्या ७५ वर्षांवरच्या हस्तलिखितांच्या व्यापाराला सरकारी परवाना लागतो. नांगरतांना जमिनींत पुरलेलें कांहीं सांपडलें व त्याचें मोल दहा रुपयांवर असलें, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणें तें जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावें लागतें. तें गुपचूप विकून टाकणारा मूळ किमतीच्या दसपटीनें भीतीच विकत घेतो.

आतां चौथ्या नफ्याकडे येतों. हें बोलतांना माझा आवाज खालीं येतो. कर्त्या माणसानें कर्जापायीं जीव दिला अशीं घरें आपल्या वऱ्हाडांत आहेत, हें मी सांगायला नको. तेरावा होण्याच्या आंत अशा घरीं माणसें येतात. बोलतात गोड. "बहिणी, आता बैल कोण चारीन? बंडी कोण हाकीन? मी घेऊन जातो, रोख देतो." आणि ती बाई, डोळ्यांतलें पाणी खळलेलें नसतांना, मान हालविते. बैल जातात, बंडी जाते, वखर-तिफण जाते, स्वयंपाकाचे मोठे गंज जातात. पुढच्या मृगाला तिला कळतें कीं, आपण शेत ठेवलें, पण शेत करायचें साधन ठेवलें नाहीं.

बंधूंनो, १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता म्हणून जो कायदा आहे, त्याचें ६० वें कलम ऐका. पैशाच्या दाव्यांत सावकारानें हुकूमनामा मिळविला तरी त्यांत ऋणकोचे अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाचीं भांडीं व अंथरुणपांघरूण जप्त करतां येत नाहीं. कारागिराचीं हत्यारें जप्त करतां येत नाहींत. शेतकऱ्याचीं अवजारें, आणि पोट भरण्यासाठीं कोर्टाला आवश्यक वाटतील तेवढीं गुरें व बीं-बियाणें जप्त करतां येत नाहीं. म्हणजे इंग्रज सरकारच्या कोर्टालाहि जेथें हात लावण्याची मनाई होती, तें आपण दुःखाच्या भरांत आपण होऊन देऊन टाकतों, आणि घेणारा कधीं कधीं आपलाच भाऊबंद असतो! कायद्यानें सावकाराला अडविलें. भाऊबंदाला अडविणारा कायदा नाहीं. तो आपल्या गांवानें करावा.

तो असा करावा असें मी सुचवितों. ज्या घरीं मृत्यु झाला त्या घरून तीन महिने कोणीं गुरें, अवजारें किंवा भांडीं विकत घेऊं नयेत. अगदींच गरज पडली, तर विक्री चारचौघांत व्हावी. आपण ज्याला लिलाव म्हणतों तो शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्याची आजवर आपल्याला धास्तीच वाटत आली, कारण तो नेहमीं आपल्यावर झाला. पण तोच लिलाव आपल्या हातांत असला तर आपलें रक्षण करतो. शाळेच्या ओट्यावर तीन तरी घेणारे बोलवा. जिनसेचा बाजारभाव आधीं विचारून फळ्यावर लिहा. त्याच्या वर जो बोलेल त्याला द्या. पैसे त्या बाईच्या हातांत द्या, दिराच्या नाहीं. मी फळा व खडू देतों.

शेवटीं आपल्याच जिल्ह्यांतल्या एका पुरुषाचें नांव घेतों. गाडगेबाबा १८७६ सालीं शेंडगांवीं जन्मले, आणि १९५६ च्या डिसेंबरांत अमरावतीजवळ वलगांव येथें त्यांनीं देह ठेवला. अंगावर चिंध्या जोडून शिवलेलें वस्त्र, हातांत फुटकें गाडगें. लोकांनीं टाकलेल्या जिनसांचें इतकें मोल कोणीं केलें नसेल. ते कीर्तनांत सांगत कीं, वेळ पडली तर जेवणाचें ताट विका, हातावर भाकर घेऊन खा, पण पोराला शाळेंत घाला. बाबांनीं ताट विकायला सांगितलें. माझी भर एवढीच कीं, तें विकण्याआधीं वाजवून पाहा, तोलून पाहा, आणि दोन ठिकाणीं भाव विचारा. म्हणजे एकाच्या जागीं दोन लेकरांचीं पुस्तकें येतील, आणि लेक मागें राहून लेकच पुढें जाईल असें होणार नाहीं.

तेव्हां आज घरीं गेल्यावर माळ्यावर चढा. काय काय आहे त्याची यादी करा. ती यादी लेकीकडून लिहून घ्या. वजन तिला करूं द्या, गुणाकार तिलाच करूं द्या. पुढच्या आठवडी बाजाराच्या दिवशीं शाळेचा वजनकांटा व एक लोहचुंबक ओट्यावर ठेवलेला असेल. ज्याला आपलें भांडें तपासून घ्यायचें आहे त्यानें यावें; त्याला फी नाहीं. आणि शोकाच्या घरून खरेदी न करण्याचा ठराव मी लिहून आणला आहे, त्यावर सह्या करून मगच उठावें. ज्यांना सही येत नाहीं त्यांना मी आजच शिकवितों. अंगठा चालणार नाहीं.